परसातली दुसरी चूल

मी सासऱ्याला घराबाहेर काढलं, असं चुडाव्यात एक अख्खा उन्हाळा बोललं जात होतं. मी आडावर घागर घेऊन गेले की बायकांचं बोलणं मध्येच तुटायचं आणि एकदम उन्हावर यायचं. "लय ऊन पडायलंय बाई औंदा." ऊन दरवर्षीच पडतं, पण त्या वर्षी ते फक्त मी आले की पडायचं. मला सगळं कळत होतं. मी घागर भरायची, कमरेवर घ्यायची आणि मुद्दाम सावकाश चालत घरी यायची. त्यांना पुन्हा सुरुवात करायला तेवढाच उशीर.

खरी गोष्ट एवढीच होती की आमच्या परसात सासऱ्यांनी स्वतःसाठी एक खोली बांधली होती आणि त्या खोलीत चूल मांडली होती. खोलीचं कुणाला काही नव्हतं, चुलीचं होतं. आमच्याकडे एका अंगणातून दोन धूर निघाले की लोक एकच अर्थ काढतात. भांडण झालं, वाटणी झाली, घर फुटलं. आणि ते कुणी फोडलं हे विचारायला कुणी थांबत नाही, कारण घरात सून असतेच. आमच्या घरात ती मी होते.

सासरे रेल्वेत गँगमन होते. आयुष्यभर त्यांनी रूळ तपासले, खडी ओढली, उन्हापावसात हातोडा घेऊन लाईन चालले. बदली होईल तिथं जायचं आणि रेल्वेनं दिलेल्या एका खोलीत एकट्यानं राहायचं. बायको-पोरं मात्र चुडाव्यालाच. सासूबाईंनी दुसऱ्याच्या रानात खुरपून एक मुलगा आणि एक मुलगी वाढवली, मुलाला शिकवून मास्तर केलं आणि मी लग्न होऊन यायच्या आधीच त्या गेल्या. त्यामुळे सासरे रिटायर होऊन घरी आले तेव्हा त्यांच्याच घरात त्यांना सवयीचं असं कुणी उरलं नव्हतं. मुलगा त्यांच्याशी मान राखून बोलायचा, पाहुण्याशी बोलावं तसा. मी तर परकीच.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. गाडीतून उतरले तेव्हा त्यांच्याजवळ एक पत्र्याची पेटी, एक कंदील, लोखंडी तवा आणि पीठ मळायची लाकडी काठवट होती. बाप्यामाणसाच्या सामानात काठवट मी पहिल्यांदाच पाहिली. मी ती उचलून माझ्या चुलीशेजारी ठेवायला गेले, तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. पेटीतच असू दे." मी म्हटलं, असू दे बापडी.

आमचं घर दोन खोल्यांचं, पुढं ओसरी. त्यात मी, मास्तर, म्हणजे माझा नवरा, आणि आमची दोन लहान पोरं. सासऱ्यांसमोर सुनेनं बसायचं नाही, डोक्यावरून पदर ढळू द्यायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते अंगातच होतं. आणि सून घरात आहे म्हटल्यावर आत येण्याआधी बाहेरूनच खाकरायचं, हे त्यांच्या अंगात होतं. पाणी प्यायला यायचं, खाकरायचं. विडी पेटवायला विस्तव पाहिजे, खाकरायचं. पोरगं रडतंय म्हणून बघायला यायचं, तर आधी खाकरायचं. दिवसातून इतक्यांदा खाकरायचे की शेजारच्यांनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं, नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात दाखवून आणा, छातीचं दुखणं दिसतंय. म्हाताऱ्याची छाती ठणठणीत होती. आमच्या रीतीनंच त्यांचा घसा बसला होता.

मी अंघोळीला बसले की ते उन्हात लिंबाखाली उभे. मी पोराला पाजायला घेतलं की पुन्हा लिंबाखाली. स्वतःच्या घराबाहेर उभ्या असलेल्या त्या उंच, वाळक्या माणसाकडे बघून मला कीव यायची आणि त्याच वेळी वाटायचं, अरे देवा, हे कायम असंच का? देव म्हणायची फक्त सवय. आमच्याकडे धम्म घेतल्यापासून देवघर नव्हतं, भिंतीवर बुद्धाची तसबीर तेवढी होती.

जेवणाचं तर बोलायलाच नको. मी वाढलेलं ते निमूट खायचे आणि तो निमूटपणाच मला खुपायचा. आळणी झालंय म्हणा, भाकरी जाड झाली म्हणा, काहीतरी म्हणा! एकदा ताट उचलताना खाली हिरव्या मिरचीची देठं सापडली. खिशात मिरच्या ठेवून माझ्या वरणाबरोबर चोरून खात होते. मला राग आला आणि हसूही आलं. राग जरा जास्त आला.

मग एका संध्याकाळी ओसरीवर त्यांनी विषय काढला. मी आत भाकरी थापत होते, कान बाहेर.

"मास्तर, परसात एक खोली बांधावं म्हनतो." पोटच्या पोराला ते मास्तरच म्हणायचे.

"झोपायला? बांधू की आबा."

"झोपायला, बसायला. आन् रांधून खायाला."

मास्तर म्हणाले, "हितं काय कमी पडलं का तुमाला?"

"काय बी कमी न्हाई."

"मंग चूल कशाला? झोपा तिथं, जेवायला हितं या. लोक काय म्हनतील?"

सासरे फार बोलणारे नव्हते. त्या दिवशी मात्र ते बोलले आणि ते मला जसंच्या तसं आठवतं. "हे बघ, मी लय ठेसनं बघितली. येटिंगरूम असती. बसायला बाक असतो, प्यायला पानी असतं, वर छत असतं. समदं असतं, चूल नसती. म्हनून तिथं कुनी ऱ्हात न्हाई, गाडीची वाट बघत बसतं. मला वाट बघत बसायचं न्हाई रं. मला ऱ्हायचंय."

माझी भाकरी तव्यावर करपली. मास्तर काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ते गवंड्याकडे गेले. आणि मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मला माझं घर मोकळं मिळणार होतं आणि त्यांना त्यांचा घसा.

खोलीचं काम निघालं आणि गवंड्याची व सासऱ्यांची रोज जुंपू लागली. भिंती दगडमातीच्या, वर पत्रे, पत्र्याखाली रेल्वेनं लिलावात काढलेले जुने सिलीपाट, रुळांखालचे लाकडी ओंडके. इथपर्यंत ठीक. पण दार अंगणाकडे न ठेवता उलट्या बाजूला, परसामागून जाणाऱ्या रेल्वेलाईनकडे ठेवायचं, हे गवंड्याला पटेना. घराकडे फक्त एक लहानशी झडप, परसातून आत जाण्यापुरती. मग उंबरा नको, हे ऐकून तर त्यानं थापी खाली ठेवली.

"घराला उंबरा न्हाई? आवं, लक्षुमी कुटून येईल?"

"आमच्यात लक्षुमी न्हाई," सासरे म्हणाले. "गुडगा हाय. त्यो अडकतो."

त्यांचे गुडघे वाकत नव्हते. सारा जन्म लाईनवर उकिडवं बसून बोल्ट आवळल्यावर काय होणार? म्हणून दाराशी आणि झडपेशी धरायला सिलीपाटाचा एकेक तुकडा उभा गाडून घेतला, बाज नेहमीपेक्षा उंच पायांची करून घेतली आणि चूल जमिनीवर न मांडता दगडी ओट्यावर, कमरेइतकी उंच मांडायची ठरवली. उभ्यानं स्वयंपाक! ही गोष्ट तेव्हा आमच्याकडे कुणी पाहिलेली नव्हती. बायका काहीतरी निमित्त काढून बघायला यायच्या आणि तोंडाला पदर लावून जायच्या.

चूल मी घातली. ते काम बाईचंच असतं, गवंडी त्याला हात लावत नाही. मी मातीत भुसा आणि शेण कालवलं, ओट्यावर चूल आणि शेजारी दुसरं भांडं ठेवायला वैल घातला, बोटानं कड गोल केली. सासरे दारात उभे होते. खाकरले नाहीत. ती त्यांची खोली होती, खाकरायचं काम मला होतं. ते चुलीपुढं येऊन उभे राहिले, हात पुढं करून हवेतच भाकरी उलटून बघितली आणि म्हणाले, "आजून जरा वर पायजे." मी चूल मोडली आणि ओटा वाढवल्यावर पुन्हा घातली. तेव्हा माझ्याकडं बघून ते पहिल्यांदा हसले. पुढचे दोन दात नव्हते, हे मला त्या दिवशी कळलं.

खोली झाली आणि आमचं घर सुखाचं झालं. हे मला आजही ठामपणे सांगायचंय, कारण तेव्हा कुणी ऐकून घेत नव्हतं. सासरे भल्या पहाटे उठायचे. रेल्वेची सवय. चूल त्यांची आधी पेटायची. आमच्या वस्तीत त्या काळी सकाळी काडी ओढून चूल पेटवणं म्हणजे उधळेपणा. ज्याच्या घरातून पहिला धूर दिसेल त्याच्याकडे बायका खापराचा तुकडा घेऊन जायच्या आणि विस्तव मागून आणायच्या. मी लांब कशाला जाऊ? परसातल्या झडपेतून आत जायची, खापर पुढं करायची. ते चिमट्यानं दोन इंगळ ठेवायचे. मी घरी येऊन तुराट्या सारायची, फुंकायची, माझी चूल पेटायची. बोलणं फारसं नसायचं. कधी ते म्हणायचे, "आज मालगाडी लेट हाय," कधी मी म्हणायची, "पोराला ताप हाय." पण घरात असताना दिवसभरात आम्ही एवढंही बोलत नव्हतो.

आणि म्हातारा रांधायचा कसा! मी नाक मुरडत चाखलं आणि गप्प झाले. ठेचा घातलेलं पातळ पिठलं, अंबाडीची भाजी, तव्यावर टम्म फुगणारी भाकरी. माझी पोरं माझ्याकडे जेवून पुन्हा तिकडे जेवायची. रेल्वेलाईनकडच्या दारात बसून गाडीचे डबे मोजत भाकरी खायची. मला कधीकधी हेवा वाटायचा.

हे सगळं परसात चालायचं, तिथं कुणाची नजर पोचत नव्हती. रस्त्यावरून दिसायचे ते फक्त दोन धूर आणि आमच्या घराकडे पाठ केलेली खोली. त्यावरून गावानं सगळं ठरवलं. म्हाताऱ्याला परसात टाकला. उंबरासुद्धा दिला नाही. भाकर देत नाही म्हणून बिचारा उभ्या उभ्या रांधून खातो. शाळेत मोठ्या गुरुजींनी मास्तरांना बोलावून, समजुतीच्या सुरात, आईबापाच्या सेवेवर चार शब्द सांगितले. मास्तर घरी आले ते लाल होऊन.

"खोली ऱ्हाऊ दे," मला म्हणाले. "चूल मोडायला सांग त्यांना."

"मी का सांगू? बाप तुमचा हाय."

"तुज्यामुळं मला ऐकून घ्यावं लागायलंय."

माझ्यामुळं! मी काठवट आणली होती का? त्या दिवसापासून आम्हा नवराबायकोत अबोला. ज्या घरात भांडण नव्हतं तिथं लोकांनी भांडण आहे म्हणून म्हणून शेवटी खरंच लावून दिलं. सासरे हे बघत होते. बोलत नव्हते, पण त्यांचं पिठलं खारट व्हायला लागलं.

मग सोनपेठहून नणंद आली. बातमी तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला असेल, पण वाटेत ती चांगली पोसली होती. सोनपेठहून एसटीनं गंगाखेड, तिथून रेल्वेनं परभणी, परभणीला गाडी बदलून चुडावा. नवऱ्याला बरोबर घेऊन, एवढी वाट ती रडतच आली असावी, कारण डोळे सुजलेले होते. घरात पाऊल न टाकता ती थेट परसात गेली, बापाची ती उंच चूल बघितली आणि मोठ्यानं रडायला लागली.

"माझ्या बापाला परसात टाकलं गं तू! माझी माय असती तर…" पुढं तिला बोलवेना.

ती वाईट बाई नव्हती. बापावर तिचा जीव होता आणि लहानपणी बाप तिच्या वाट्याला आलाच नव्हता, म्हणून जास्तच होता. तिचं एकच म्हणणं, मी आबाला सोनपेठला नेते. माझ्या घरात दहा माणसं आहेत, गरम भाकर मिळेल, कोपरा मिळेल. त्या कोपऱ्यात सासरे दिवसभर खाकरत उभे राहिलेले मला दिसायला लागले.

दुसऱ्या दिवशी वस्तीतली जाणती माणसं बोलवायचं ठरलं. त्या सकाळी मी विस्तव आणायला गेले नाही. काडी ओढून चूल पेटवली. सगळ्यांचाच राग आला होता मला. नणंदेचा, मास्तरांचा, गावाचा आणि सासऱ्यांचाही. शिव्या मी खाते आहे आणि हा माणूस तोंड उघडून एक शब्द बोलत नाही! राग खरा होता आणि तो चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही.

दुपार कलल्यावर परसात लिंबाखाली सतरंजी पडली. चार जाणते पुरुष, नणंद, तिचा नवरा, मान खाली घातलेले मास्तर. समोरच्या घरातल्या काकू कुणी न बोलावता आल्या होत्या. आडावर सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच असायचा. सासरे आपल्या खोलीच्या झडपेपाशी बसले होते, पाय सरळ लांब करून. मी आत माझ्या चुलीपुढं, सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवून, दाराच्या फटीतून बघत.

"खरं सांगा," त्यांच्यातला वडीलधारा म्हणाला. "भिऊ नका. सून दोन घास देत न्हाई का?"

"देती की. कोन म्हनलं न्हाई देत?"

"मंग ही चूल कशापायी?"

"माजी हाय म्हनून."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. हे उत्तर त्यांच्या कामाचं नव्हतं. त्यांनी आधीच ठरवून आणलेलं सांगितलं. चूल मोडा, आत जेवायला या, झोपायला खोली वापरा. नाहीतर लेकीबरोबर सोनपेठला जा. एका घरात दोन चुली शोभत नाहीत. सासरे झडपेतून आरपार लाईनकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते येटिंगरूमचं बोलतील. ते बोलले असते तर सगळ्यांना कळलं असतं. पण तेवढ्यात नणंद पुन्हा रडायला लागली, लहान मुलीसारखी, हुंदके देऊन. तिच्याकडे बघून त्यांचा चेहराच उतरला.

"बरं, बरं," ते म्हणाले. "मोडतो. उद्या मोडतो चूल. तू रडू नको."

दोनदा घातलेली ती चूल माझ्या हाताची होती. बाहेर जाऊन चार पुरुषांपुढं बोलायची माझी टाप नव्हती, आणि बोलले असते तर 'बघा, किती तोंडाळ आहे' एवढंच झालं असतं. मी चहाचं आधण खाली उतरवलं, तांब्या उचलला आणि माझ्या पेटत्या चुलीवर ओतला. भरल्या घरातली पेटती चूल अशी विझवू नये म्हणतात. चर्रकन आवाज झाला, घरभर वाफ आणि राख. मी कोपऱ्यातलं खापर घेतलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या सतरंजीच्या पुढून, सगळ्यांच्या देखत, झडपेपाशी जाऊन उभी राहिले.

"मामा, इस्तू द्या. माजी चूल इझली."

सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. आत्ताआत्तापर्यंत माझ्या छपरावरून धूर निघत होता हे त्यांना दिसलं होतं, आणि तो आवाजही त्यांनी ऐकला होता. सिलीपाटाच्या खुंट्याला धरून ते उठले, आत गेले. चुलीतली राख चिमट्यानं बाजूला केली. खाली इंगळ होते, लाल. त्यांनी दोन माझ्या खापरावर ठेवले आणि वारा लागू नये म्हणून वर चिमूटभर राख टाकली.

"सकाळधरनं राखून ठिवलाय तुज्यासाठी," ते म्हणाले. "आज आलीच न्हाईस."

माझे डोळे भरून आले. मला तिथं रडायचं नव्हतं, म्हणून मी खापराकडे बघत राहिले.

बोलल्या त्या समोरच्या काकू. "रोज नेतीस व्हय गं हितून इस्तू?"

"रोज नेती."

"आन् हे देतेत?"

"देतेत की."

काकू गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि त्या जाणत्या माणसांना म्हणाल्या, "उठा रं, उठा. घर फुटल्यावर इस्तू कुनी मागत न्हाई आन् कुनी देत बी न्हाई. उगं ह्या माणसांचा दिवस घालवायलाव." जणू आडावर उन्हाळाभर बोलणारी बाई कुणी दुसरीच होती! पण मी त्यांना ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि त्या संध्याकाळी त्यांच्यासाठी पहिला चहा मीच गाळला.

माणसं पांगली. नणंद मात्र तिथंच बसून राहिली. सासऱ्यांनी तिला आत बोलावलं, बाजेवर बसवलं आणि पेटीतून काठवट काढली. उभ्या उभ्या त्यांनी पीठ मळलं, भाकरी थापली, पिठलं हाटलं. ती बघत होती. तिच्या बापाला स्वयंपाक येतो हे तिला माहीतच नव्हतं. कसं असणार? ती लहान असताना तो दूर कुठंतरी लाईनवरच्या खोलीत एकट्यासाठी भाकरी थापत होता आणि घरी आला की बायकोच्या हातचं खात होता. त्यांनी पहिली भाकरी तिच्या ताटात टाकली. तिनं एक घास खाल्ला आणि पुन्हा रडली. ह्या वेळी कुणीच तिला रडू नको म्हणालं नाही.

ती चार दिवस राहिली आणि एकही दिवस माझ्या चुलीवरचं जेवली नाही. जाताना मला म्हणाली, "वैनी, आबाची चूल संबाळा." मी म्हटलं, त्यासाठीच तर माझी विझवली.

मास्तरांचा अबोला मी मोडला नाही, त्यांनी मोडला. त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खापर घेऊन परसात निघाले तर ते माझ्या हातून खापर घेऊन स्वतः गेले. बापलेक आत काय बोलले मला माहीत नाही, पण इंगळ पार काळे पडल्यावर ते परत आले. मग दुसरे आणायला मला जावंच लागलं.

पुढं आडावर माझ्या वाट्याचं ऊन कमी झालं. काकूंच्या थोरल्या मुलानं त्यांच्यासाठी घरामागे खोली काढली, तेव्हा काकू मला बोलवायला आल्या. "तसला वटा पायजे बाई मला. वाकून वाकून कंबर मोडली." मी गेले आणि त्यांची चूल घालून दिली. उंबऱ्याबद्दल मात्र त्यांनी ऐकलं नाही.

वर्षं गेली. पोरं शाळेत जायला लागली. सासऱ्यांचे हात थरथरायला लागले, भाकरी तव्यावर पडेपर्यंत तुटायची. मग मी त्यांच्या खोलीत जाऊन, त्यांच्या चुलीवर, त्यांच्या काठवटीत त्यांची भाकरी करायची. ते उंच बाजेवर पडून सूचना द्यायचे. "पीठ सैल हाय. जाळ कमी कर." इतक्या वर्षांनी तोंड उघडलं ते माझ्या भाकरीला नावं ठेवायला. मला बरं वाटायचं. पुढं त्यांना उठवेना, तेव्हा विस्तवाची दिशा फिरली. चूल आता माझी आधी पेटायची आणि मी खापरावर इंगळ घेऊन परसातून त्यांच्याकडं जायची. चहापुरताच जाळ. तेवढं त्यांना पुरत होतं.

त्या शेवटच्या श्रावणात झड लागली होती. परसात घोट्याएवढा चिखल, खापर नेताना विस्तव विझत होता. एका सकाळी मी म्हटलं, कशाला ती यातायात? घरातच चहा केला, पेला पदराखाली झाकून त्यांच्याकडे नेला. त्यांना टेकवून बसवलं, बशीनं चहा पाजला. त्यांनी सगळा प्यायला. मग विझलेल्या चुलीकडं बघितलं, तिथून नजर काढून लाईनकडच्या दाराकडं बघितलं आणि अगदी साध्या आवाजात मला विचारलं,

"गाडीला आजून टाइम हाय का?"

मला क्षणभर कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा मी तिथं उभी राहू शकले नाही. भर पावसात, चिखलात पाय घालत मी घराकडं पळाले. माझ्या चुलीतले होते नव्हते तेवढे इंगळ खापरावर घेतले, वर पाटी धरली आणि पळत परत आले. फुंकून फुंकून डोळ्यांत पाणी आलं. तुराट्या ओल्या होत्या, आधी नुसता धूर झाला, मग जाळ धरला. मी चुलीवर पुन्हा चहाचं आधण ठेवलं, आत्ताच प्याले होते तरी.

बाहेरून गाडी चालली होती. नेहमीची, नांदेडकडे जाणारी. सासऱ्यांनी दाराकडची मान वळवून चुलीकडं केली. जाळाचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता.

"जाऊ दे ती," ते म्हणाले. "माजी न्हाई."

"न्हाई मामा," मी म्हटलं, आणि साखरेचा डबा शोधायला लागले.